तांब्याच्या नळीतून

तांब्याचा वास हाताला लागला की आईला स्मशानात पोचवून सगळे परतले ती दुपार आठवते. अंगणात माणसं बसली होती. शेलूबाजारला फ्रिज दुरुस्त करणारा माझा दादा मला मागच्या पडवीत घेऊन गेला आणि त्याने तांब्याच्या उभ्या नळीत एक छोटं, जोरदार लोहचुंबक सोडलं. “तांब्याले हे चिकटत नाई, तरी पाह्य कसं हळू येते,” तो म्हणाला. खाली धरलेल्या माझ्या तळहातावर ते सावकाश उतरलं. “अजून एकदा टाक,” मी म्हटलं. “चाहा तरी घ्या रे,” आत्या सांगून गेली, तरी आम्ही तेच करत राहिलो. दोघांपैकी कोणीच रडलं नाही. आता दादाशी रोज फोनवर बोलणं होतं, आईचा विषय सोडून सगळं.