उन्हात ठेवलेला कागद

उंबऱ्यातून मी कागद पुढे केला आणि अव्वल कारकुनानं हात मागे घेतला. कागद फरशीवर पडला. उचलायला वाकलो तर म्हणाला, "अंगणात ने. वर दगड ठेव. ऊन लागू दे, मग बघतो."

तालुक्याच्या कचेरीतला तो माझा पहिला दिवस. मी सातवीची फायनल पास झालेला महाराचा पोरगा, बिनपगारी उमेदवार कारकून. सरकारी कचेरीत शिवाशीव नसते असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी मूर्ख, ते खरं मानून आलो होतो. मला वाटलं शाई ओली असेल. दुसऱ्या दिवशी टीपकागद दोनदा फिरवला, फुंकर मारली आणि उंबऱ्यात उभा राहून ऐटीत म्हणालो, "साहेब, शाई पुरती वाळलीय." सगळी कचेरी हसली. अव्वल कारकुनाचा भाचाही माझ्यासारखाच उमेदवार होता. तो टेबलावर डोकं टेकून हसला. मग शिपायानं मला अंगणातला तो दगड दाखवला, म्हणाला, ऊन लागलं की तुझ्या हातच्या कागदाचा विटाळ जातो, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

भाचा आत खुर्चीवर. मी व्हरांड्यात तरटावर. भाच्याला मसुदा कसा करायचा ते शेजारी बसवून शिकवत. मला कुणी काही शिकवलं नाही. मी कचऱ्याच्या टोपलीतून शिकलो. टोपली रिकामी करायचं काम माझ्याकडेच होतं, त्यात फाडलेले मसुदे असायचे. कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात मजकूर लिहायचा, डावा अर्धा कोरा ठेवायचा. त्या कोऱ्या भागात वरचा माणूस दुरुस्ती करतो. मी तुकडे जुळवायचो. कुठलं वाक्य खोडलं, त्याच्या जागी काय आलं, का आलं, हे बघत बसायचो. अर्ज कसा सुरू होतो, कारण कुठं सांगायचं, मागणं कुठं करायचं, सगळं त्या उकिरड्यातून वेचलं.

बोलायला शिकवलं मावशीनं. आईची ही चुलत बहीण ख्रिस्ती झालेली, मिशनच्या शाळेत मास्तरीण. तालुक्याच्या गावी मी तिच्याकडेच राहायचो. रविवारी ख्रिस्ती देवळातून आली की मला भिंतीशी उभं करायची आणि माझाच मसुदा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. "मान वर कर," म्हणायची. "मागनं आधी सांग, रडनं मंग सांग. आन् कागदाकडं काय बघतोस? समोरच्याच्या डोळ्यांत बघ." डोळ्यांत बघ! आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नव्हतं. मला घाम फुटायचा. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायची.

उन्हाळा लागला आणि आमच्याच महारवाड्याचा अर्ज कचेरीत आला. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी आमची वस्ती. गावची विहीर आम्हाला बंद. नदी आटली की बायका वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या. त्याच झिऱ्यावर जनावरं तोंड लावायची. मागच्या उन्हाळ्यात त्या पाण्यानं पटकी आली आणि माझी धाकटी बहीण एका दिवसात गेली. सकाळी वेणी घालत होती. अर्जात एवढंच मागितलं होतं की महारवाड्याला एक विहीर द्या.

अव्वल कारकून म्हणाला, "तुझ्याच लोकांचं प्रकरण आहे. रिपोर्ट तू लिही. प्रांतसाहेब येतील तेव्हा त्यांच्यापुढे वाचायचा आहे."

वाचायचा आहे म्हणाला. कोण वाचणार ते बोलला नाही. मी धरून चाललो की मीच.

जीव ओतून लिहिला तो रिपोर्ट. गावची विहीर कुठं, झिरा कुठं, वाट किती, जनावरं कुठून उतरतात. बहिणीचं नाव घातलं नाही, नाहीतर डाव्या समासात 'अप्रस्तुत' असा शेरा पडला असता. पटकीनं वस्तीत माणसं दगावली, एवढंच लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात मागणं: सबब महारवाड्यास स्वतंत्र विहीर मंजूर व्हावी. कागद उन्हात ठेवला, वर दगड ठेवला. मावशीपुढे इतक्यांदा म्हटला की अख्खा पाठ झाला.

प्रांतसाहेब आले त्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो. अव्वल कारकून दारातच भेटला. "पंखेवाला तापानं पडलाय. तू दोरी धर."

"साहेब, रिपोर्ट..."

"भाचा वाचेल. तू दोरी धर."

आत छताला टांगलेला पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात. मी ती ओढत बसलो. दार उघडं होतं. आत भाचा उभा राहिला आणि वाचू लागला. माझी वाक्यं. माझा शब्दन् शब्द. मी दोरी ओढत होतो आणि ओठांतल्या ओठांत त्याच्यासोबत म्हणत होतो. मनात म्हटलं, वाचू दे लेकाला, विहीर तर मिळेल. मी एवढा खाली उतरलो होतो.

मग शेवटचा परिच्छेद आला. "सबब," भाचा वाचत होता, "नदी वस्तीस लागूनच असल्याने व तेथे बारमाही पाणी मिळत असल्याने स्वतंत्र विहिरीची आवश्यकता दिसत नाही."

माझ्या हातातली दोरी सुटली. पंखा थांबला.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. मान वर होती. प्रांतसाहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि माझा शेवटचा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला.

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

"पंखेवाला, साहेब," अव्वल कारकून म्हणाला.

"मी उमेदवार कारकून आहे. हा रिपोर्ट मी लिहिलाय. शेवट बदललाय यांनी. माझा मसुदा त्या टोपलीत असेल, साहेब. काढून बघा."

प्रांतसाहेबांनी टोपलीकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, उठतील. त्यांनी रुमाल काढून मान पुसली. "मी टोपल्या तपासायला आलेलो नाही. माझ्यापुढे जो कागद आहे तो आहे. फार उकडतंय. पंखा ओढ."

"ओढणार नाही," मी म्हणालो.

संध्याकाळच्या आत माझी उमेदवारी संपली. निघताना मी टोपली उपडी केली. माझा मसुदा चार तुकड्यांत सापडला. डाव्या कोऱ्या अर्ध्यात अव्वल कारकुनाच्या सुरेख अक्षरात तो नवा शेवट लिहिलेला. तुकडे खिशात घातले आणि घरची वाट धरली.

आई दारात घागर घासत होती. "इहिरीचं काय झालं रं?"

मी सांगितलं. ती रडली नाही, मला बोलली नाही. "म्हंजी यंदाबी झिराच," म्हणाली आणि घागर घेऊन नदीकडे गेली. त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं. मी भिंतीला डोकं आपटून घेतलं. माझ्याच वाक्यांवर स्वार होऊन ते खोटं साहेबापर्यंत गेलं होतं. मी इतकं चांगलं लिहायला नको होतं. मी लिहायलाच शिकायला नको होतं. दोन दिवस हेच डोक्यात. विहिरीसाठी गेलो आणि विहीर बुजवून आलो.

तिसऱ्या दिवशी आई पुन्हा घागर घेऊन निघाली. मी तिला थांबवलं नाही, थांबवून पाणी कुठलं देणार होतो? चार तुकडे जमिनीवर जुळवले आणि समोर नवा कागद घेतला. या वेळी मधोमध दुमडला नाही. या काठापासून त्या काठापर्यंत लिहिलं, दुसऱ्याच्या दुरुस्तीला बोटभर जागा ठेवली नाही. मागणं पहिल्या ओळीत. त्याखाली बहिणीचं नाव. खाली माझी सही, मग सगळ्या महारवाड्याचे अंगठे. आईनं अंगठा दाबला आणि विचारलं, "ह्यो तरी वाचत्याल का?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

सकाळी कचेरी उघडली तेव्हा मी उंबऱ्यात होतो. कागद पुढे केला. अव्वल कारकुनानं हात मागे घेतला. "अंगणात ठेव."

"नाही. हातात घ्या."

"तुला कळत नाही का? दगड आहे तिथं."

"दगड मला ठाऊक आहे. हातात घ्या."

त्यानं घेतला नाही. मी हात खाली केला नाही. ऊन अंगणातून व्हरांड्यात आलं, माझ्या पाठीवर आलं, उतरलं. कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. आज तिसरा दिवस. खांदा सुजलाय, बोटं वळत नाहीत. घरी आई वाळू उकरते आहे. उद्या हा हात चालला नाही तर दुसरा आहे. कागद आता उन्हात ठेवणार नाही. ज्याला घ्यायचा त्यानं माझ्या हातातून घ्यायचा.