मगरीचं वेळापत्रक

आमचे शेजारी ॲन्सेल्मकाका एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं ‘पुढे सरका’ ओरडले आणि निवृत्तीनंतर वसईजवळच्या आमच्या गास गावात आपल्या बावखलाच्या काठी ‘मागे सरका’ ओरडू लागले. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमच्याकडचं तळं. एका पुरात त्यात मगरींची जोडी आली, कुठून ते देवाला ठाऊक. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतली माणसं पोरांना घेऊन यायची आणि काका त्यांचं डोकं खायचे.

“तोंड उघडून बसलीय ती तुम्हाला खायला नाय. अंग तापलं की ती तशीच गार होते. दगड मारू नका, पानी तिचं घर हाय.”

मगरीबद्दल कुणी विचारलं की काका विरघळायचे. कोण विचारतंय, कशाला विचारतंय, हे बघायची अक्कल त्यांना नव्हती. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

जानेवारीत नर रस्त्यावर आला आणि डंपरखाली गेला. मार्चमध्ये मादीने पूर्वेच्या काठात खड्डा करून अंडी घातली. काका घरात नात जन्मल्यासारखे हरखले.

बावखल काका आणि त्यांचा पुतण्या डेन्झिल, दोघांच्या नावावर. डेन्झिलला ते बुजवून लग्नांसाठी लॉन करायचं होतं, काका सही देत नव्हते. अंडी फुटून पिल्लं दिसली, फोटो निघाले, की बावखलाला कुणी हात लावणार नाही, एवढीच त्यांची आशा. ईस्टरला डेन्झिल केक घेऊन आला.

“काका, अंडी कधी फुटतात?”

दहा वर्षांत पुतण्याने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. काकांनी सगळं सांगितलं. अंडी पूर्वेच्या काठात, पिल्लं मेच्या अखेरीला. मादी सकाळी काठावर, ऊन चढलं की पाण्यात, एक ते चार वर येत नाही. डेन्झिलने फोनवर लिहून घेतलं. जाताना त्याने काकांच्या हातात वेलंकनीच्या यात्रेचं तिकीट ठेवलं, मे महिन्यातलं. काका मला म्हणाले, “पोरगा सुधारला.”

काका यात्रेला गेले आणि दुपारी एकच्या सुमाराला डंपर आले. मी पाहिले. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काका परतले तेव्हा पूर्वेच्या काठावर विटा-सिमेंटचा ढीग होता आणि त्यावर मादी. पुढच्या पायांनी उकरत होती, नखं रक्ताळली होती. काकांनी मला ओढत नेलं. ढिगाखालून कुईं कुईं असा बारीक आवाज येत होता.

“पिल्लं अंड्यातूनच हाका मारतात,” काका म्हणाले. “आई ऐकून माती काढते.”

आम्ही पहार आणि घमेली घेतली. दहा पावलांवर जाताच मादी जबडा वासून धावून आली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. दुपारीही ती पाण्यात जाईना. तिला लाकडाने हटवू या, असं मी म्हटलं, तर काका माझ्यावरच ओरडले. दोन दिवस आम्ही लांबूनच आवाज ऐकत बसलो.

तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. मादी ढिगावरून हलली नाही.

“आपल्याला चोर समजते ती,” मी म्हणालो.

“मग? पत्ता कुनी दिला?” काका म्हणाले आणि तिथेच काठावर बसून रडले.