पुलाअलीकडची फांदी

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी शांतिसेनेतर्फे आफ्रिकेत होती. काम साधं होतं. सकाळी सहाला धान्याचे आठ ट्रक घेऊन निघायचं आणि निर्वासितांच्या छावणीत पोचवायचे. निळं हेल्मेट घातलं की गोळी लागत नाही, अशी आमची समजूत निरोपाच्या भाषणांनी करून दिली होती.

मी हवालदार, चंद्रपूरचा. वडील बाजारात शिलाईकाम करायचे. पुढच्या जीपमध्ये माझ्यामागे शिपाई रैनू नैताम बसायचा. धानोऱ्याकडचा गोंड, वय बावीस. कंपनीत आपल्या बोलीत बोलणारे आम्ही दोघंच.

वाटेत एक पूल होता. पहिल्याच दिवशी त्याच्या अलीकडे रैनू म्हणाला, "उस्ताद, गाडी थांबवा जरासी."

"काऊन?"

"पुढं दाट जंगल हाये. वाटेच्या देवाले फांदी टाकतो."

त्याच्या गावाकडे घाट लागण्याआधी लोक ठरलेल्या झाडाखाली हिरवी फांदी ठेवून मगच पुढे जातात.

"इथल्या देवाले गोंडी समजते का रे?"

"नाई समजत. फांदी समजते."

अर्धं मिनिट लागायचं. रोज एकाच जागी थांबणं शिस्तीला धरून नव्हतं, तरी मी थांबत आलो.

त्या दिवशी छावणीत मोठे पाहुणे यायचे होते. निघायच्या वेळी ट्रक धुऊन न्यायचा हुकूम आला. त्यात चाळीस मिनिटं गेली. सात वीसला आम्ही पुलाजवळ पोचलो तेव्हा वायरलेस सुरूच होता.

"लीड, लेट हो रहे हो. स्पीड बढ़ाओ. ओव्हर."

रैनूनं माझ्याकडे पाहिलं.

"आज नाई," मी म्हणालो.

"बरं, उस्ताद."

पुलापलीकडे शंभर मीटरवर झाडीतून फायर आला. रैनू उडी मारून डावीकडच्या चरात गेला आणि एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, लावली. त्याच्या आडोशानं आठही ट्रक मागे येऊन पूल ओलांडून परतले. सात पस्तीसला त्याची एलएमजी थांबली. ड्रायव्हर सगळे वाचले.

त्याची शवपेटी घेऊन मी त्याच्या गावी आलो. मंडप होता, माईक होता. एका वक्त्यानं त्याला देशाच्या सीमेवर लढवलं. कोणी दुरुस्ती केली नाही, मीही नाही.

गर्दी पांगल्यावर रैनूचे वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"भाऊ, त्यानं फांदी टाकली होती का?"

माझ्या फाइलीत त्याच्या शौर्याचं सगळं होतं, मिनिटांसकट. हे नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाई," मी म्हणालो. "मी थांबू देल्लं नाई."

त्यांनी घाटाच्या दिशेनं हात केला.

"मंग आता तुमी टाकत जा. इथल्या घाटात."

फांदीनं गोळी अडत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. तरी दरवर्षी धानोऱ्याकडे जाताना घाटाखाली बस थांबवायला सांगतो. कंडक्टर नवा असला की वैतागतो.

"काऊन थांबवता, चाचा?"

"एका पोराची फांदी टाकाची हाये," मी सांगतो. "अर्धं मिनिट लागते."