गाव रिकामं होतं तेव्हा पाणी चढलं

पाटोद्याला आमच्या पाणीयोजनेच्या साइट ऑफिसात मी ज्युनिअर इंजिनिअर. तिथं सगळी कामं रखडायची, किस्से तेवढे कधी रखडले नाहीत. टाकीच्या आधी तेच भरले!

ग्रामसभा घेतली ती ऐन हिवाळ्यात. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरांना कुलपं. साहेब खूश. "बघा, एकाचाही विरोध नाही!"

आमचा फिटर बब्रू म्हणाला, "सायेब, कुलपं कावून इरोध करतील?"

ऑफिसच्या भिंतीवर कामाचा तक्ता होता. उशीर झालेलं काम लाल रंगात दाखवायचं. मीटिंगच्या आदल्या दिवशी बघतो तर तक्ता लालभडक! साहेब कपाळाला हात लावून बसले.

बब्रू म्हणाला, "लालच कावून? हिरवा मारा की!"

अहो, थट्टा होती! साहेबांनी मनावर घेतली. मीटिंगमध्ये आमचं कौतुक झालं.

पुढच्या दसऱ्याआधी वरच्या वस्तीवर नळ बसले. तिथल्या सुभद्राबाईनं आपल्या दारातल्या कोऱ्या नळाला हळदीकुंकू लावलं. "माजा जलम हंडा वाहण्यात गेला. सुनंच्या डोक्यावरचा तरी उतरू दे," म्हणाली आणि दसरा होताच पोरगा-सून घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेली. खरं सांगतो, त्या दिवशी मला या कामाची पहिल्यांदा भीती वाटली.

पंप चालवायचं ट्रेनिंग गावातल्या एकाला दिलेलं. चाचणीच्या दिवशी पंपहाउसला कुलूप! फोन लावला तर गडी उसाच्या फडात.

"चावी? हाय की माज्यापशी! लई जपून ठिवलीय, काळजी करू नका!"

शेवटी कुलूप तोडून चाचणी घेतली. आणि काय सांगू, पाणी थेट वरच्या वस्तीवर! सुभद्राबाईच्या बंद दारापुढं नळ धो धो वाहत होता. साहेबांनी फोटो काढले, पेढे वाटले.

गुढीपाडव्याला गाव परतलं. खालच्या आळीत घरोघर नळ सुटले आणि वर थेंब चढेना. सुभद्राबाई रिकामा हंडा घेऊन तडक ऑफिसात आली.

साहेब माझ्यावर खेकसले, "चाचणीला तर चढलं होतं! मधे बदललं काय?"

"लोक परत आले, सर."

साहेबांनी बराच विचार केला. "परत कधी जातात?"

"दसऱ्यानंतर."

"मग उद्घाटन तेव्हाच ठेवा!"

सुभद्राबाईनं हंडा कमरेवर घेतला. "बलावणं धाडा सायेब, येते की मी उद्घाटनाला. पर मी आले की पाणी न्हाई यायचं!"