डब्यावरचे दात

आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात, एक स्टीलचा डबा ठेवलेला आहे. त्याच्या झाकणावर चार खळगे आहेत, त्यातला एक आरपार—ग्रिझली अस्वलाच्या दातांचे. घरी पाहुणा आला की आमचे हे आधी डबा दाखवतात आणि मग चहा विचारतात. इथे कॅनडात, रेजिनातल्या मराठी घरांना त्या डब्याची गोष्ट पाठ आहे: श्रीधररावांवर अस्वल कसं चालून आलं आणि नलिनीताईंनी त्यांना कसं वाचवलं. मी ती दरवेळी मान खाली घालून ऐकते. लोकांना तो विनय वाटतो. ती गोष्ट खोटी आहे. खरी काय, ते सहा वर्षांत माझ्या तोंडून देवासमोरसुद्धा बाहेर पडलेलं नाही. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून कदाचित जमेल.

मी स्वभावाने तापट आहे. आमच्या मंडळातलं कोणी हे वाचलं तर हसेल—नलिनीताई आणि तापट? कारण माझा राग कोणी पाहिलेलाच नाही. लहानपणी मी चुलतबहिणीच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावले होते. आईने दिवसभर उपाशी ठेवलं, आणि राग लपवायचा असतो हे मी त्या दिवशी शिकले. लग्नानंतर तो बेसमेंटमध्ये नेला. वॉशर लावायचा, तो घरघरायला लागला की जुन्या गादीवर लाटण्याने हाणत सुटायचं. दोन लाटणी मोडली. वरून हे विचारायचे, काय गं, मशीन फार आवाज करतंय का?

यांनी मला कधी बोटही लावलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कीव करायला जागा उरणार नाही. यांची खोड एकच—चारचौघांत माझी फिरकी घ्यायची. माझं इंग्रजी, माझं ड्रायव्हिंग, माझा विसराळूपणा. लोक हसायचे. मीही हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांचा ढीग नसला तरी वॉशर लावायचे.

हे रिटायर झाल्यावर पहिल्याच सप्टेंबरात आम्ही रॉकीज पर्वतांत गेलो. यांचा भाचा अमेय आणि त्याची बायको ऋचा मिसिसागाहून आले होते. तिथल्या उंचावरच्या कुरणांत जायला चौघं लागतातच. त्या दिवसांत तिथे अस्वलांचा वावर असतो, म्हणून चारांपेक्षा कमी माणसांना वर जायची परवानगी नाही. पायवाटेच्या तोंडाशी अस्वलाचं चित्र असलेली पाटी होती—जवळजवळ राहा, मोठ्याने बोलत चाला, अस्वलाला पळवायचा मिरचीचा स्प्रे हाताशी ठेवा. खाली एक कागद चिकटवला होता: पिल्लाबरोबर मादी दिसली आहे. आमच्याकडे स्प्रे एकच. तो माझ्या पट्ट्याला अडकवला, कारण हे म्हणाले, अस्वल आधी हिलाच गाठणार, ही सगळ्यात मागे.

तीन तास चढलो. वर काय होतं म्हणून सांगू! लार्चची झाडं अंगाला हळद लावल्यासारखी पिवळी, त्यांच्या पलीकडे नुसतं गवत, आखूड आणि तांबूस, त्यात बर्फाच्या पाण्याचे बारीक ओहळ. एक जाडजूड मार्मोट, मांजराएवढ्या खारीसारखा, दगडावर बसून शिट्ट्या मारत होता. मला फार बरं वाटत होतं. हे मुद्दाम लिहिते—मी त्या सकाळी सुखी होते, छळलेली-पिचलेली वगैरे काही नव्हते.

मोठ्याने बोलत चालायचं, हा नियम यांना फारच मानवला. आधी टाळ्या वाजवत आरत्या झाल्या. मग ऑफिसच्या गोष्टी. मग माझ्या. जेवायला एका खडकाजवळ बसलो, मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बेसनाचे लाडू काढले, आणि हे ऋचाला म्हणाले, "हिची बसस्टॉपची गोष्ट ठाऊक आहे का तुला?"

"अहो, ती नको," मी म्हणाले. एकदाच म्हणाले.

ती गोष्ट अशी. आम्ही रेजिनाला आलो त्या पहिल्या जानेवारीत मी एकटी बसने निघाले आणि चुकले. परतीच्या बसची वाट बघत तासभर थंडीत उभी होते. वॉशरूम कुठे आहे हे कोणाला विचारायची हिंमत झाली नाही—आणि तिथेच, उभ्या उभ्या, माझी सलवार भिजली. उणे तीस. ती पायांवर गोठली. मी ते फक्त यांना सांगितलं. यांनी माझी पावलं मांडीवर घेतली, कोमट पाण्याने शेकली, आणि म्हणाले, हे आपल्या दोघांतच राहील. बत्तीस वर्षं राहिलंही. त्या दिवशी यांनी ते अख्ख्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. उठून माझ्या चालण्याची नक्कल केली. गोठलेलं कापड कसं कडकड वाजत होतं, तो आवाज तोंडाने काढून दाखवला.

अमेय हसला. ऋचाही हसली, मग माझ्याकडे पाहून उठली. "मामी, आम्ही फोटो काढून येतो हं," म्हणाली, आणि दोघं टेकाडापलीकडच्या तळ्याकडे गेले. त्यांनी जायला नको होतं. चौघांनी जवळ राहायचं होतं ना? पण हेसुद्धा मी त्यांच्यावर ढकलतेय. असो.

मी लाडवांचा डबा बंद करत होते. हे म्हणाले, "अगं, हस की. म्हातारे झालो, आता कसली लाज?"

मी डबा फेकून मारला. यांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या झुडपात पडला. "नेम चुकला," हे हसत म्हणाले, आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसले.

आता—आता येते मी तिथे.

मी स्प्रे काढला. त्याला एक केशरी खिट्टी असते, ती आधी ओढावी लागते. पहिल्यांदा निघाली नाही. नखाने उचकटली. म्हणजे वेळ होता, कळतंय का तुम्हाला? पाच-सात सेकंद होते. तेवढ्यात माणूस भानावर येऊ शकतो. मी भानावरच होते. यांनी वर बघावं म्हणून मी थांबले. यांनी वर बघितलं, आणि मी दोन हात अंतरावरून यांच्या डोळ्यांत फवारा सोडला.

हे ओरडले, पण तो आवाज अर्ध्यातच कोंडला, कारण श्वासच घेता येईना. ओणवे झाले. हात गवतात चाचपडायला लागले. तेवढ्यावर माझं भागलं नाही. चालायची काठी मी उलटी धरली, मुठीकडचा जाड भाग पुढे, आणि यांच्या पाठीवर घातली. मग पुन्हा घातली. दुसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं काठी. ती बरगडी होती. मी किंचाळत होते, त्यात शब्द नव्हते. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. गादीने कधी दिलं नव्हतं इतकं समाधान वाटत होतं. गादी ओरडत नाही.

तिसऱ्यांदा काठी उचलली होती. तेव्हा हे गवतात तोंड खुपसून, खोकत, थुंकत म्हणाले, "नलू, पळ तू. माझ्यामागे आहे ना ते? तू पळ."

मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. अस्वल. यांना वाटत होतं की पाठीमागून अस्वल आलं, मी यांच्या डोक्यावरून त्याला स्प्रे मारला, आणि त्याने पाठीत पंजा हाणला. डोळे जळत असताना, श्वास कोंडलेला असताना, या माणसाच्या मनात दुसरं काही येऊच शकलं नाही. मी काठी खाली टाकली.

"हो," मी म्हणाले. "गेलं ते."

अमेय आणि ऋचा धावत आले. वाऱ्याने माझ्याही डोळ्यांत थोडं गेलं होतं, त्यामुळे रडू शोधावं लागलं नाही. पाण्याच्या बाटल्या यांच्या तोंडावर रिकाम्या करत, दोन्हीकडून धरून, आम्ही यांना खाली आणलं. खाली नॅशनल पार्कची, गणवेशातली एक तरुण मुलगी वही घेऊन उभी होती. केवढं होतं, कुठल्या रंगाचं, खांद्यावर उंचवटा होता का? मी पाटीवरचं चित्र आठवून सगळं सांगितलं. तेवढ्यात ऋचाने विचारलं, "मामी, डबा कुठाय?"

त्या मुलीने लगेच मान वर केली. अस्वलाने खाणं नेलं का? मी हो म्हणाले. तिचं पेन थांबलं. तिने मला हळूहळू समजावलं, माझं इंग्रजी कच्चं आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. पिल्लासाठी अंगावर आलेल्या मादीला आम्ही काही करत नाही, नुसती वाट बंद करतो. पण खाण्यासाठी माणसाला मारणारं अस्वल आम्हाला ठेवता येत नाही. तेव्हा नीट आठवून सांगा, खाणं नेलं का? मला प्रत्येक शब्द कळला होता. शेजारी हे ओला टॉवेल डोळ्यांवर धरून बसले होते. मी म्हणाले, येस.

हॉस्पिटलमध्ये नर्सने मला बाहेर बसवलं आणि यांच्या पाठीवरचे दोन लांब वळ बघून विचारलं, तुम्हाला तुमच्या घरात सुरक्षित वाटतं का? हे इतके हसले की बरगडी दुखली. गोष्ट सांगताना सगळ्यात मोठा हशा अजूनही तिथेच येतो.

डबा त्यांना दुसऱ्या दिवशी सापडला, चाटूनपुसून साफ. बेसनतुपाच्या वासाने अस्वल संध्याकाळी खरंच आलं असणार. म्हणजे माझं खोटं त्या जनावराने खरं करून दिलं. त्यांनी सापळा लावला. आठवडाभराने त्या मुलीचा फोन आला. मादी होती, कानात बिल्ला असलेली. आजवर माणूस दिसला की वाट सोडून जायची, असं ती म्हणाली. तिला मारलं होतं. पिल्लू दोन दिवस रिकाम्या सापळ्याभोवती फिरत होतं, नंतर दिसलं नाही. यांनी माझ्या हातातून फोन घेऊन विचारलं, आमचा डबा मिळेल का?

तो पोस्टाने आला.

त्यानंतर यांनी माझी फिरकी एकदाही घेतली नाही. बसस्टॉपची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. गणपतीत कम्युनिटी हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला, आणि यांनी माइक घेऊन सांगितलं, "ही डबा फेकून मला सावध करत होती आणि मी मूर्ख हसत होतो." बायका माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वाद दिले. लग्नानंतर इतकी चांगली वर्षं मला कधी मिळाली नव्हती. ती मी उपभोगली, अजून उपभोगते. वॉशर आता फक्त कपड्यांसाठी लावते. राग कुठे गेला? तो फिटला. मला त्याची लाज वाटते, आणि तरी तो फिटला, हेच मला सगळ्यात भीतिदायक वाटतं.

यांच्या डाव्या डोळ्यावर तेव्हापासून सायीसारखा डाग आहे. रोज सकाळी त्यात औषधाचे थेंब घालावे लागतात. यांना स्वतःला जमत नाही, बाटली जवळ आली की पापणी मिटते. नर्सने घातले, अमेयने घातले, तरी मिटते. मी घालते तेव्हा मिटत नाही.

आत्ताच घालून आले. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली, आणि दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून माझ्या हाताकडे बघत राहिले.