काचेतला स्वेटर

घट्टमावशींना हे नाव त्यांच्या टाक्यांवरून पडलं होतं. त्यांच्या विणीत सुई घालायची तर बोटांच्या टोकांना भोकं पडायची वेळ यायची. त्यांनी विणलेला मोजा दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढला तरी ढिम्म हलत नसे. स्वभावालाही नाव चपखल बसत होतं, त्यामुळे खरं नाव विचारायची पुढे कुणाला गरज वाटली नाही.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाला लागून लोकरीचं दुकान आहे. अरुंद आणि खोल. पुढे मोठी काच, काचेमागे कमरेपर्यंतचा पुतळा, आणि पुतळ्याशेजारी वेताची खुर्ची. आत दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण आणि खणांत रंगांप्रमाणे लावलेले लोकरीचे गुंडे. अगदी मागे, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे एक बेसिन, धुतलेली लोकर वाळवायची दोरी आणि एक बुटकं स्टूल.

थंडी सुरू व्हायच्या आधी नवी लोकर येते. दुकानाच्या मालकीणबाई दर वर्षी त्या लोकरीसाठी एक नवा नमुना ठरवतात. तो विणून घेतात आणि पुतळ्याला घालतात. बायका काचेतून बघतात, आत येतात, तीच लोकर घेतात आणि तोच स्वेटर विणायला बसतात. दुकानात या स्वेटरला नुसतं ‘काच’ म्हणतात. यंदाची काच कुणाची, हा प्रश्न कधी उठलाच नव्हता. काच घट्टमावशींची आणि काचेशेजारची खुर्चीही त्यांचीच. रस्त्यावरून जाणारी माणसं आधी पुतळ्याकडे बघत आणि मग मावशींकडे. मावशी कुणाकडेच बघत नसत, पण मान अशी ताठ धरत की बघणाऱ्याला कळावं, हे माझं आहे.

त्या खुर्चीपलीकडे त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं. लग्न झालं नाही. भावाच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्यांची खाट. त्या घरात भाजी कोणती करायची हे विचारायचे नाहीत त्यांना, पण निवडायला मात्र पुढ्यात टाकायचे. भावाच्या तिन्ही मुलांचे स्वेटर त्यांनी विणले. थोरलीचा शाळेतला स्वेटर जुना झाल्यावर वहिनीनं त्याचं फडकं केलं. एकदा मी गेले असताना त्याच फडक्यानं फरशी पुसत वहिनी मला म्हणाली, “वन्संचं विणकाम म्हणजे विणकाम हो. पाणी काय शोषतं!” मावशी तिथेच बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग जरा जास्तच जोरात मोडली, एवढंच.

मग घरातला सगळा हिशेब त्या दुकानात चुकता करायच्या.

दुकानात शनिवारी शिकणाऱ्यांचा वर्ग असतो. शिकणाऱ्यानं आठवडाभराचं काम मावशींपुढे ठेवायचं. त्या ते उजेडात धरायच्या, एकदा ताणायच्या आणि म्हणायच्या, “सैल.” मग सुई सर्रकन ओढून काढायच्या. “हात पुढे कर.” शिकणाऱ्यानं दोन्ही हात समोर धरायचे आणि मावशी त्याचं काम उसवत तीच लोकर त्याच्याच हातांवर गुंडाळायच्या. आठवडाभराचं काम चहा निवायच्या आत लडी होऊन मनगटांवर यायचं. बाकीच्या बायका बघायच्या. कुणी हसायचं. हात धरून उभं असल्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला तिथे नेलं. ती फार भित्री होती. कुणी मोठ्यानं बोललं तरी ओठ काढायची, शाळेत डबा हिसकावून घेतला तरी गप्प राहायची. जगात हिचं कसं होणार, या काळजीनं माझी झोप उडालेली असायची. हातात काही काम आलं तर जिवाला धीर येईल, असं वाटलं. तिसऱ्याच शनिवारी मावशींनी तिचा मफलर ताणला. “सैल. हात पुढे कर.”

मी म्हटलं, “मावशी, राहू द्या ना. लहान आहे अजून.”

“मग घरीच शिकवा,” मावशी म्हणाल्या. “इथे लोकर शिकवतो आम्ही, लाड नाही.”

माझी मुलगी हात धरून उभी राहिली. नाक वाहत होतं, ते मी रुमालानं पुसलं. पुन्हा येणार नाही, असं मला वाटलं होतं. पण पुढच्या शनिवारी माझ्याआधी ती चपला घालून दारात उभी.

सोळा वर्षं झाली त्याला. आता ती दुकानातच काम करते. नवशिक्यांचा वर्ग तीच घेते, नमुन्याचे कागदही तीच लिहिते. करंगळीला लोकरीचे दोन वेढे देऊन विणायची मावशींची पद्धत तिनं जशीच्या तशी उचलली. त्या दोन वेढ्यांमुळेच टाका घट्ट बसतो. दोघींची वीण शेजारी ठेवली तर मलाही ओळखू येत नसे. मावशी तिला कधी शाबास म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, “हिचं बरंय, हिला ताणावं लागत नाही.” मी तेवढ्यावरही खूश असायचे. आईला काय, मुलीचं चाललंय ना, पुरे.

यंदा लोकर लवकर आली. शेवाळी, विटकरी आणि एक राखाडी, जिला मालकीणबाई ‘पहाट’ म्हणत होत्या आणि बँकेत नोकरी करणारी आमच्या ओळखीची बाई ‘पोचारा’ म्हणत होती. लोकर मऊ, पण भारी निसरडी. नमुना ठरला तो पुढून उघडा, दोन्ही बाजूंना वेण्या घातलेला, लांब बाह्यांचा स्वेटर. मालकीणबाईंनी लोकर मावशींच्या पिशवीत घातली आणि सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, “मावशी, यंदा जमेल ना? नाहीतर ही आहेच की.” ही म्हणजे माझी मुलगी.

“मी मेले की द्या हिला,” मावशी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. माझी मुलगी गुंडे खणात लावत होती, तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढचं मला नंतर वहिनीकडून कळलं. स्वेटरची पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली आणि मावशींची बोटं सुजली. सांधे असे फुगले की करंगळीला दोन वेढे दिले की लोकर मांसात रुतायची. वहिनी म्हणाली, “मी म्हटलं, वन्सं, सांगून टाका दुकानात, तुमच्यानं होत नाही. तर माझ्यावरच डाफरल्या.” मावशींनी हातमोजे चढवले आणि कुणालाही न सांगता एक वेढा कमी केला. दुसरी बाही एका वेढ्यावर विणली.

कुणीही दुसरी बाही पहिलीवर ठेवून पाहिली असती. टेप लावली असती. पण मावशींनी उभ्या आयुष्यात टेप वापरली नव्हती. टेप लावणाऱ्यांची त्या चेष्टा करायच्या. “टेप शिंप्याला लागते. विणणाऱ्यानं ओळी मोजायच्या. ओळी सारख्या तर माप सारखं.” त्यांचा हात सारखा होता तोवर ते खरंही होतं. त्यांनी ओळी मोजल्या, बाही बंद केली, शिवली, आणि स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला.

नवी लोकर विक्रीला काढायच्या सकाळी दुकान भरलेलं होतं. मीही गेले होते, मुलीचा विसरलेला डबा द्यायला. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, हातांत काळे मोजे. मालकीणबाईंनी पुतळ्याला स्वेटर चढवला, बटणं लावली आणि मागे सरून पाहिलं. डावी बाही मनगटावर थांबली होती. उजवी पुतळ्याच्या पंज्यावरून चार बोटं खाली लोंबत होती.

बँकवाली म्हणाली, “अगंबाई! यंदा पुतळ्याला भीक मागायला बसवणार वाटतं. हात लपवलाय बघा एक.”

हसू फुटलं. मावशी उठल्या, लांब बाही वर सरकवून दुमडली. निसरडी लोकर ती. परत घसरली.

“पुतळा वाकडा आहे,” मावशी म्हणाल्या.

यावर जे हसले लोक, ते मला अजून ऐकू येतं.

माझी मुलगी पुढे आली. तिनं स्वेटर पुतळ्यावरून काढला, टेबलावर पसरला आणि दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. वाटलं, आता ही गुपचूप घडी घालेल, आत नेईल, काहीतरी सावरून घेईल. ती बोटानं ओळी मोजायला लागली. मोठ्यानं. आधी एक बाही, मग दुसरी. सगळं दुकान तिच्याबरोबर मनात मोजत होतं.

“ओळी बरोबर आहेत, मावशी,” ती म्हणाली.

मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी बँकवालीकडे असं पाहिलं की बस. “मग! सांगत काय होते मी? ओळी सारख्या म्हणजे...”

मुलीनं त्यांना बोलू दिलं. मग लांब बाही उजेडात धरली, एकदा ताणली आणि म्हणाली, “सैल.”



“बाही उसव,” मावशी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. “एक बाही उसव. मी घालते नवीन.”

“कुठल्या हातानं?” मुलीनं विचारलं. रागानं नाही. खणातली लोकर कुठल्या रंगाची, असं विचारावं तसं. “आणि मी विणली तरी जुळणार नाही. एका कपड्याला दोघींचे हात चालत नाहीत, तुम्हीच सांगता. सगळाच उसवायला हवा.”

दोघींची वीण मला तरी कधी वेगळी ओळखू आली नव्हती. मी डब्याची पिशवी घट्ट धरली. “अगं, राहू दे ना,” मी म्हटलं. “वय झालंय त्यांचं.”

“आई, तू मध्ये पडू नकोस.”

मावशी माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता तरी त्या माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, “तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. तेव्हा राहू दिलं होतं का मी?” आणि परत खुर्चीत बसल्या, पाठ ताठ करून.

मुलीनं छोट्या कात्रीनं शिवण कापली. भाग सुटे झाले. तिनं पाठीचा शेवटचा टाका सोडवला, धागा मोकळा केला आणि म्हणाली, “हात पुढे करा.”

मावशींनी हात पुढे केले.

“मोजे काढा. घसरतेय लोकर.”

मालकीणबाई म्हणाल्या, “असू दे गं मोजे.” पण तोवर मावशींनी दातांनी एक मोजा ओढला होता. मग दुसरा. बोटं लाल, चकचकीत, सांध्यांशी वाकडी झालेली. करंगळीवर लोकर रुतल्याच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. बँकवालीनं मान खाली घातली. माझ्या मुलीनं ती बोटं नीट पाहिली. मला दिसलं ते. तिनं पाहिलं, क्षणभर थांबली, आणि पहिला वेढा घातला.

पाठ गेली. वेण्या गेल्या, एकेक करून, पीळ सुटत. छोटी बाही गेली, जिच्यात काही चूक नव्हती. लांब बाही शेवटी. मावशींनी हात खाली घेतले नाहीत. बायका हळूहळू खणांकडे वळल्या, रंग बघू लागल्या. त्या दिवशी विटकरी सगळी संपली.

घरी आल्यावर मी मुलीला विचारलं, “तुला काहीच वाटलं नाही?”

“काय वाटायचंय? वाकडी काच लावली असती तर महिनाभर हसले असते लोक त्यांना.”

“आत नेऊन उसवता आलं असतं.”

ती भाकरी मोडत होती. “मला कुठे आत नेलं होतं?” ती म्हणाली आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

ही जगात कशी टिकेल म्हणून मी जी वर्षं काळजीत काढली, ती सगळी तिच्या हातात दिसत होती. सरळ, निवांत हात. आता मला वेगळीच काळजी लागली आहे आणि ती कुणाला सांगायची हे कळत नाही.

उसवलेली लोकर धुतली, कुरळेपणा जावा म्हणून खाली वजन बांधून दोरीवर टांगली. त्याच लोकरीचा स्वेटर मुलीनं विणला. तो आता पुतळ्याच्या अंगावर आहे, दोन्ही बाह्या मनगटाशी. वेताच्या खुर्चीत ती बसते. मावशी येणं बंद करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. वहिनी म्हणाली होती, “आता बसा की घरी. शेंगा आहेत सोलायला.” दुसऱ्याच सकाळी मावशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. मालकीणबाईंनी त्यांना मागचं स्टूल दिलं. बेसिनजवळ बसायचं आणि लडीचा गुंडा करायचा असला की हात धरायचे. विणायचं काही नाही.

गेल्या शनिवारी तिकडून जाताना मी दुकानात डोकावले. एका लहान मुलीनं विणलेला रुमाल माझ्या मुलीच्या हातात होता. तिनं तो उजेडात धरला, ताणला. त्या लहान मुलीची आई पर्सचा पट्टा पिळत उभी होती.

“सैल,” माझी मुलगी म्हणाली.

मागच्या अंधारात मावशी मोठ्यानं हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील. स्टुलावरून उठून, हातांत लडी तशीच घेऊन त्या दोन पावलं पुढे आल्या, त्या पोरीचं तोंड वाकडं होताना बघायला. डोळे लुकलुकत होते.

“मावशी, बसा खाली,” माझी मुलगी मागे न बघता म्हणाली. “गुंता होईल.”

त्या मागे गेल्या, बसल्या आणि हात पुन्हा समोर धरले.