चौतीस हजर

“पोरां भट्टीवर गेलीत, तं वहीत हजर कशी लिहू?” असं जानी दुमाडा एकदा अंगणवाडी प्रकल्पाच्या साहेबांना म्हणाली, आणि तिथून तिचे दिवस फिरले.

जानी तळासरी तालुक्यातल्या काटीपाड्याची अंगणवाडी सेविका. दिवाळी झाली की पाडा ओस पडायचा. माणसं बोचकी बांधून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जायची, बोचक्यांबरोबर पोरंही. पटावरच्या चौतिसांतली सात उरायची, म्हाताऱ्यांच्या भरवशावर. जानी प्रत्येक गेलेल्या पोराच्या नावापुढे भट्टीचं गाव लिहायची आणि तिथल्या सेविकेला फोन लावायची. “बाय, माझी चार तुझ्याकडं आलीत. हाल्याची धाकटी अंडं खात नाही, तिला डाळभात घाल.” महिन्याने वजनं विचारायची, तीही वहीत.

मदतनीस गंगी तिच्या आईच्या वयाची. ती टोमणे मारायची, “बाकीच्या बाया येड्या हायत का गं? त्यांची पोरां बाराही महिने हजर! तू दोन वह्या ठेव. एक सरकारची, एक तुझी.”

“एक लिहिताना बोटं मोडतात माझी, गंगीबाय.”

सरकारचा मात्र पोरांवर फार जीव. २०१७च्या जानेवारीत रंगरंगोटीचा निधी आला. मार्चच्या आत संपवायचा होता, म्हणून पाठोपाठ रंगारीही आला आणि त्याने भिंतभर पेंग्विन काढला. लग्नघराच्या भिंतीवर वारली चौक लिहिणाऱ्या बायका पाड्यातच होत्या, पण त्यांच्याकडे कोटेशन नव्हतं. मग प्लास्टिकची घसरगुंडी आली. हात धुवायचं बेसिन आलं. नळ मागाहून येणार होता. एवढं सगळं आलं, पण पोरांमागे भट्टीपर्यंत चालत जाईल असा रुपया कुठल्याच योजनेत नव्हता. उरलेल्या सात पोरांनी पेंग्विनला कोंबडा ठरवून टाकलं. गंगीने बेसिनमध्ये कांदे ठेवले.

फेब्रुवारीत पट तपासायला पर्यवेक्षिका भाविका मॅडम आल्या. डहाणूच्या, घरची चिकूची वाडी, मनाने वाईट नव्हेत. वही उघडून त्यांनी कपाळावर हात मारला.

“जानीताई, हे काय लिहिलंय?”

“पोरां कुठं गेली ते.”

“ते कुणी विचारलंय का तुम्हाला?”

कुणीच विचारलं नव्हतं. अख्ख्या तालुक्यात एकट्या काटीपाड्याची पोरं भट्टीवर गेली होती. बाकीच्या पाड्यांतली गुटगुटीत होऊन रोज हजर होती, कागदावर. आठवड्याभरात जानीला वहीसकट प्रकल्पाच्या कार्यालयात बोलावणं आलं.

साहेबांनी चहा मागवला, स्वतःसाठी. “सात मुलांसाठी केंद्र चालवणं शासनाला परवडत नाही, बाई. तुमचं केंद्र पलीकडच्या पाड्यात विलीन करतोय.”

“पलीकडं म्हंजे हायवेच्या पलीकडं, साहेब.”

“असेल.”

“पावसाळ्यात सगळी पोरां परत येतात. तीन वर्सांची पोरां कंटेनरच्या मधून जातील का खिचडी खायला? तिथं आमच्या पाड्यातल्या काकड्याची बैलजोडी गाडीखाली गेली. बैलांना तरी शिंगं होती.”

शेजारच्या खुर्चीतल्या भाविका मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. साहेब मात्र हसले. मोकळ्या मनाचे होते ते. “मलाही केंद्र बंद करायला आवडत नाही हो. नुकताच रंग दिलाय!” त्यांनी खणातून कोरी वही काढून टेबलावर सरकवली. “ऑक्टोबरपासून नव्यानं लिहून आणा. चौतीस हजर. मी प्रस्ताव मागे घेतो. जुनी वही माझ्याकडे द्या, फाडून टाकू.”

“आणि अंडी?”

“अंडी येतील ना, चौतिसांची. पोरं नसली तर अंडी काय रडत बसणार आहेत? बोला, वही की हायवे?”

जानीने टेबलाकडे पाहिलं. एका बाजूला तिची वही, कडा चुरगळलेली, प्रत्येक पानावर सत्तावीस पोरांचे पत्ते. दुसऱ्या बाजूला कोरी, इतकी स्वच्छ की तिच्यात कुणीच कधी उपाशी राहिलं नसतं. साहेबांनी जुन्या वहीकडे हात नेला. त्याआधी जानीने ती उचलली आणि पिशवीच्या तळाशी घातली.

“अहो बाई!”

मग तिने कोरी वहीही उचलली. ती जुनीच्या वर ठेवली, पिशवीचे बंद आवळले आणि खुर्ची मागे सारली. साहेब काहीतरी विचारत होते, मॅडम “जानीताई” म्हणाल्या. एक सरकारची, एक तिची, अशा दोन वह्यांची पिशवी खांद्याला लावून जानी बाहेर पडली.